ट्रेलरच्या छपराला डांबर फासायला निघालेल्यांनो, आधी शिडीवरून उतरा

रविवारी सकाळी साडूभाऊंचा फोन आला. "पाच गॅलनचा डबा आणलाय, शिडी लावलीये, येतोस का हाताखाली?" डबा डांबरी रूफ कोटिंगचा होता आणि छप्पर त्यांच्या चार वर्षं जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराचं. ही अक्कल आली होती 'कॅम्पिंगवाल्या मराठी मंडळींनो, डीलरला लुटू देऊ नका' या फॉरवर्डमधून. तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुढे गेलो होतो. आता मिशिगनभर मराठी माणसं डांबराचे डबे घेऊन शिडीवर चढायच्या आत लिहितो.

फॉरवर्डचा पहिला आणि सगळ्यात घातक उपाय असा: 'गावाकडे पावसाळ्याआधी छपराच्या भेगांत डांबर भरतो तसंच इथेही अख्ख्या छपराला फासा, दहा वर्षं निश्चिंत!'

अहो, गावाकडे खाली पत्रा असतो, नाहीतर स्लॅब. आजच्या बहुतेक ट्रेलरच्या छपरावर पातळ लाकडी फळ्यांवर चिकटवलेली पातळ चादर असते. कुठे ईपीडीएम रबराची, कुठे टीपीओ नावाच्या प्लास्टिकची, काही ठिकाणी फायबरग्लास. साडूंची ईपीडीएमची आहे. या रबराचं पेट्रोलियमशी हाडवैर आहे. डांबरातलं तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, खालच्या गोंदातून सुटतं आणि छपरावर फुगे येतात. म्हणून तर ईपीडीएम धुताना पेट्रोलियमवाले क्लीनर वापरू नका, असं बजावलेलं असतं. इथे लोक बादलीभर ओतायला निघालेत! शिवाय एकदा डांबर बसलं की ते निघत नाही, आणि त्यावर सीलंट (फटी बुजवायचा चिकट लेप) किंवा टेप नीट धरत नाही. मग अख्खी चादर उपटून नवी घालायची, म्हणजे हजारो डॉलर. डीलरला लुटू न देण्याचा हा उपाय!

आणि मुळात गळतं कुठे? चादरीच्या मधोमध क्वचितच. पाणी शिरतं ते जिथे कारखान्यात छपराला भोकं पाडलेली असतात तिथून: व्हेंट, एसी, अँटेना, शिडीचे स्क्रू, पुढची-मागची कड. तिथलं सीलंट उन्हाने आणि थंडीने तडकतं. म्हणजे दुखतंय गुडघ्यात आणि लेप अंगभर.

(एक कबूल करतो, मनाविरुद्ध. जुन्या, पत्र्याच्या छपराच्या मोबाइल होमवर अ‍ॅल्युमिनियम मिसळलेला डांबरी लेप देण्याची पद्धत होती. बहुधा तिथूनच कुणीतरी हे उचललं असावं. तुमच्याकडे पत्रा आहे का? नाही ना? मग विषय संपला.)

'बाथरूमचं सिलिकॉन भरा.' हेही नको. ईपीडीएमवर ते नीट धरत नाही, कडेने सुटतं आणि आपण मात्र भरलंय म्हणून गाफील राहतो. पुढे दुसरं काही लावावं तर सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काही टिकत नाही, ते आधी कणन् कण खरवडून काढावं लागतं. अख्ख्या छपरासाठी सिलिकॉनचे खास लेप मिळतात आणि ते चांगले असतात, हे खरं. पण ते प्रकरण वेगळं, टबच्या कडेची नळी वेगळी. सपाट जागी आपोआप पसरणारं लॅप सीलंट वापरा आणि उभ्या कडेला न ओघळणारं. दोन्ही तुमच्या चादरीला चालणारंच घ्या.

'छपराला स्वतः हात लावलात की वॉरंटी रद्द.' याच फॉरवर्डचा हा चौथा मुद्दा. म्हणजे पहिल्या मुद्द्यात डांबर फासा आणि चौथ्यात हात लावू नका! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का? अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. दुरुस्ती आमच्याच माणसाकडून किंवा आमच्याच ब्रँडच्या मालाने करा, नाहीतर वॉरंटी गेली, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. तो माल किंवा सेवा ती फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. 2018 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, याच कारणावरून सहा कंपन्यांना ताकीद देणारी पत्रं पाठवली होती. मात्र तुमच्या दुरुस्तीनेच नुकसान झालं, तर त्या नुकसानीला कंपनी नाही म्हणू शकते. डांबर त्यातच मोडतं. सीलंट तपासत राहणं हे मालकाचं काम, असंही बहुतेक वॉरंटींत लिहिलेलं असतं. ते केलं नाही तर दावा फेटाळायला आयतं कारण मिळतं. तेव्हा तपासलं की फोटो काढा, पावत्या जपा.

'नव्या ट्रेलरला पाच वर्षं बघावं लागत नाही.' साफ खोटं. वर्षातून दोनदा तरी चढून बघा, काही मॅन्युअल तर दर नव्वद दिवसांनी सांगतात.

'हिवाळ्यात ताडपत्री बांधा.' ती वाऱ्याने फडफडते आणि चादरच घासते. हवा खेळेल असं कव्हर घ्या.

राहिलं 'डाग दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असतं.' साडूंच्या ट्रेलरात डाग पलंगावर होता, म्हणून ते तिथेच ब्रश चालवणार होते. पण पाणी शिरतं एकीकडे, फळीवरून उताराच्या दिशेने पळतं आणि टपकतं भलतीकडे. आम्ही पाइपने खालच्या बाजूपासून एकेक जागा भिजवत वर गेलो, एक जण आत टॉर्च घेऊन. पाणी सापडलं स्वयंपाकघरावरच्या व्हेंटपाशी, पलंगापासून सहा फूट दूर. सीलंटला नखाएवढी चीर होती. असं करून सापडत नसेल, तर मेकॅनिक पंख्याने आत हवेचा दाब देतात आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारतात. बुडबुडे आले तिथे गळती.

जुनं सुटलेलं सीलंट खरवडलं, जागा पुसून कोरडी केली, नवं भरलं. एक नळी लागली. डांबराचा डबा अजून सीलबंद आहे, दुकान परत घेतंय का ते साडूभाऊ उद्या बघणार आहेत.