लाल कॅलिपर आणि इडलीपात्र

वास खरं तर खंबाटकीच्या बोगद्यातच आला होता. वाईहून परत येत होतो, मागे आई-बाबा, शेजारी बायको, आणि कसलातरी जळका वास, म्हणजे कुकरची रिंग गॅसवर पडल्यावर येतो ना, तसा. मी लगेच पुढच्या ट्रककडे बोट दाखवलं, हे ट्रकवाले असेच, क्लच जाळतात वगैरे. ट्रक निघून गेला, वास काही जाईना. शिरवळला वडापावला थांबलो तर बाबा नेहमीप्रमाणे गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "डाव्या चाकावर पापड भाजून निघेल. पाणी ओत." ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर डिस्क वाकू शकते, म्हणून मी नाही म्हणालो. तिथून कात्रजपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

आमची गाडी २००८ ची आहे, घरात तिला ठकू म्हणतात. वर्क फ्रॉम होममुळे ती पाच महिने पार्किंगमध्ये नुसती उभी होती. उभ्या गाडीला काय होणार असं आपल्याला वाटतं, पण ब्रेक ऑइल हा हवेतलं पाणी पिणारा प्राणी आहे. ताज्या डॉट ४ ब्रेक ऑइलला उकळायला निदान २३० अंश लागतात, पाणी पिऊन बसलेलं असेल तर १५५ ला पण उकळू शकतं, आणि हेच पाणी आतल्या आत ब्रेक दाबणाऱ्या पिस्टनला गंज चढवतं. त्यात कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा ब्रेकचा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस वाळून गूळ झालेलं. म्हणजे ब्रेक दाबला की लागायचा, पण पाय काढला तरी सुटायचा नाही. आमच्याकडे काही पाहुणे असतात तसे.

गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंचे नवीन कॅलिपर आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार सांगितले. मी घरी येऊन यूट्यूब लावलं. तिकडे एक गोरा माणूस, स्वच्छ नखं, मागे कॉम्प्रेसर, अकरा मिनिटांत कॅलिपर उघडून साफ करून, नवीन रबरं टाकून, वर लाल रंग मारून मोकळा. मी बायकोला म्हणालो, हे काय अवघड आहे, घरीच करू. ती काही बोलली नाही, फक्त कपाटातून जुने टॉवेल काढून ठेवले. मिक्सरच्या वेळचा अनुभव.

नाना पेठेत, म्हणजे पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, रबरांचं किट आणायला गेलो, मोबाईलमध्ये कॅलिपरचा फोटो घेऊन. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "फोटोवर फोटोच मिळेल साहेब, जुना माल आणा." मग परत घरी, गाडी जॅकवर चढवली, खाली मित्राकडून आणलेले स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात पण घालू नये, एवढी अक्कल मला आहे), कॅलिपर सोडवला आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून, रिक्षाने परत नाना पेठ. पिशवीतून ऑइल गळत होतं ते रिक्षावाल्याच्या लक्षात यायच्या आत उतरलो.

आता सुटलेले बोल्ट, पिना, क्लिपा, वॉशर ठेवायचे कुठे, कारण डाव्याचं उजव्याला गेलं की संपलं. तर स्वयंपाकघरात मला जगातला सर्वोत्तम टूल ट्रे सापडला: इडलीपात्र. वरच्या ताटलीत डावं चाक, खालच्या ताटलीत उजवं, प्रत्येक खळग्यात एक एक वस्तू. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक पिस्टन. तो बाहेर काढायला हवेचा दाब लागतो. माझ्याकडे सायकलचा पायाचा पंप. त्याची नळी ऑइलच्या भोकात चिंधी गुंडाळून बसवली, पिस्टनच्या तोंडासमोर जुन्या बॅटचा तुकडा धरला, बोटं लांब ठेवली, आणि पंप मारायला लागलो. पंधरा वेळा काही नाही. सोळाव्या वेळी फाट्‌दिशी आवाज, वॉचमन खुर्चीतून उठला, पिस्टन लाकडावर आपटला आणि आत उरलेलं सगळं ब्रेक ऑइल समोर जमिनीवर. जमिनीवर सोसायटीने नुकताच ऑइल पेंटने आमचा पार्किंग नंबर टाकला होता, १७. ब्रेक ऑइल रंग खातं हे वाचलं होतं, बघितलं तेव्हा प्रथमच. सात आधी सुरकुतला, मग पुसायला गेलो तर अख्खा फडक्याबरोबर आला. संध्याकाळी सेक्रेटरींचा मेसेज, "पार्किंग क्र. १ दोन ठिकाणी दिसत आहे, संबंधितांनी खुलासा करावा."

आतलं रबर मात्र बघण्यासारखं असतं हां. पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रिंग असते, बस, बाकी मागे ओढणारी स्प्रिंग वगैरे काही नाही. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि ही रिंग त्याला धरून जराशी पिळवटते, पाय काढला की ती सरळ होते आणि होता होता पिस्टनला एक मिलीमीटर पण नाही एवढं मागे घेते. एक टनाची गाडी मोकळी धावते ती या रबराने अंग आकसून घेतल्यामुळे. आमच्या पिस्टनवर गंज चढून खड्डे पडलेले, मग रिंग बिचारी काय आकसणार. उजवा पिस्टन बारीक वॉटर पेपरने साफ निघाला, डावा नवीन. म्हणजे परत नाना पेठ. आता काउंटरवाला मला चहा विचारायला लागला.

नवीन रिंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवूनच बसवायची, साधं ग्रीस किंवा रॉकेल लागलं की रबर फुगतं, पिनांना पण सिलिकॉनचंच ग्रीस. इथपर्यंत मी अगदी शहाण्यासारखं केलं. मग आला धुळीचा बूट, म्हणजे आत धूळ जाऊ नये म्हणून असलेलं रबरी टोपरं. याची एक कड पिस्टनच्या खाचेत, दुसरी कॅलिपरच्या खाचेत, आणि दोन्ही एकदम बसल्या पाहिजेत. यूट्यूबवाल्याने नऊ सेकंदांत बसवला, मी मोजले. माझी एक कड बसली की दुसरी निसटायची, म्हणजे उशीला छोटा अभ्रा घालताना होतं तसं, फक्त उशी लोखंडाची, हात ऑइलचे आणि डास. अडीच तास. शेवटी कळलं की बूट आधी पिस्टनच्या खालच्या टोकाला घालायचा, त्याची बाहेरची कड कॅलिपरमध्ये बसवायची आणि मग पिस्टन सरळ आत ढकलायचा. हे व्हिडिओत तो बोलला पण होता, मी तिथे पुढे ढकललं होतं.

रंगाचं मात्र आधीच उरकायला हवं होतं, म्हणजे कॅलिपर मोकळा असताना. माझ्या ते लक्षात आलं सगळं बसवून झाल्यावर. मग रबरं, पिस्टन, निपल (हवा काढायची छोटी तोटी) सगळ्याला मास्किंग टेप गुंडाळून, तारेच्या ब्रशने घासून, हीटप्रूफ लाल स्प्रे मारला आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला तारेने दोन्ही टांगले. पावसाळी हवा, रंग वाळेचना, दोन दिवस तसेच लोंबकळत. तिसऱ्या दिवशी समोरच्या बाल्कनीतून काकूंनी बायकोला विचारलं, "अगं, श्रावणात?" त्यांना लांबून ते मटण वाटलं.

ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली एअर काढायला दोन माणसं लागतात. बायको सीटवर, मी चाकाशी, निपलला नळी, नळीचं टोक बाटलीत. मी म्हणणार "दाब", तिने दाबून धरायचं आणि "धरलंय" म्हणायचं, मी निपल सोडणार, बंद करणार, मग "सोड". साधं आहे. पण वरून पाऊस, आणि तिला माझं "सोडू नको" मधलं "नको" ऐकूच येईना. तिने पाय काढला की निघालेली सगळी हवा परत आत.

"तू आधी 'थांब' म्हणालास की 'धर' म्हणालास?"

"धर म्हणजेच थांब ना!"

"मग एकच काय ते ठरव ना रे!"

एवढ्यात वॉचमन येऊन उभा राहिला, थोडा वेळ बघितलं आणि फार अदबीने म्हणाला, "वहिनींना गाडी शिकवताय काय साहेब? पण चाकं लावून शिकवली तर बरं नाय का?"

तरी झालं. पेडल कडक झालं, मी दहा वेळा पंप करून, पार्किंगमध्येच पाचच्या स्पीडला पुढे-मागे करून बघितलं, गाडी थांबली आणि मुख्य म्हणजे नंतर सुटली. दुसऱ्या दिवशी कात्रजच्या घाटात जाऊन आलो, उतरून दोन्ही चाकांना हात लावला, सारखीच कोमट. बाबांनी पण लावला, पापडाचं काही बोलले नाहीत. रविवारी इडल्या झाल्या, त्यांना ब्रेक ऑइलचा वास येतो असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, मला नाही आला. नवीन इडलीपात्र हिशोबात धरलं नाही तर पैसे पण वाचलेच.

फक्त एक गोष्ट राहिली. चाकं चढवून मी लांब जाऊन कौतुकाने बघितलं तर लाल रंग कुठेच दिसेना. यूट्यूबवाल्याच्या गाडीला अलॉय व्हील होती. ठकूला साधी लोखंडी रिम, वर प्लॅस्टिकची गोल व्हीलकॅप, तिला जेमतेम बोट जाईल एवढ्या फटी. मुलीला बोलावून दाखवलं तर तिने मोबाईलचा टॉर्च लावून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "कुठे?"

मग तीन महिने ते दोन लाल कॅलिपर कोणाला दिसले नाहीत. गेल्या आठवड्यात सिंहगड रोडला पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं, वाकून आत बघितलं आणि थांबला. मी पण जरा पुढे सरकलो, म्हटलं विचारतोय आता.

"रेड ऑक्साइड मारलाय का साहेब?" तो म्हणाला. "बरं केलं. आम्ही पण गेटला तेच मारतो, गंज नाय धरत."