पार्सफ्लोट स्वल्पविराम काढत नाही

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक टिप फिरते आहे: ‘रकमेत स्वल्पविराम असले तरी काळजी नको, पार्सफ्लोट ते आपोआप काढतं.’ पार्सफ्लोट म्हणजे स्ट्रिंगमधून, म्हणजे मजकुरातून, संख्या वाचून देणारं फंक्शन. टिप मात्र खरी नाही.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पार्सफ्लोटला ‘१,२५,०००’ ही स्ट्रिंग देऊन पाहा (आकडे अर्थात इंग्रजी, देवनागरी आकडे त्याला वाचताच येत नाहीत). उत्तर येतं १. सव्वा लाखाचा एक रुपया, आणि एररही नाही. कारण हे फंक्शन डावीकडून संख्या वाचत जातं आणि न समजणारं चिन्ह आलं की तिथेच थांबतं. जावास्क्रिप्टच्या अधिकृत स्पेसिफिकेशनमध्येच तसं लिहिलेलं आहे. सुरुवातीलाच रुपयाचं चिन्ह असेल तर सरळ नॅन (‘ही संख्या नाही’ असं सांगणारं मूल्य) मिळतं. ते बरं म्हणायचं, निदान चूक दिसते.

गैरसमज का झाला असावा ते कळतं. संख्येची स्ट्रिंग करणारं टूलोकेलस्ट्रिंग, भारतीय लोकेल दिलं तर, भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घालून देतं, मग उलटा प्रवासही होत असेल असं वाटतं. तसा होत नाही. स्वल्पविराम आपणच काढायचे, तेही सगळे: चिन्ह बदलणाऱ्या रिप्लेसला शोधायला साधी स्ट्रिंग दिली तर पहिलाच स्वल्पविराम जातो आणि पुढे पार्सफ्लोटकडून १२५ हाती येतात. सगळे काढणारं रिप्लेसऑल वापरा, मग पार्सफ्लोटऐवजी नंबर हे फंक्शन. नंबरला खोट दिसली तर तो अर्धवट आकडा न देता नॅन देतो.

पायथन भाषेचं इंट हे फंक्शन अशा स्ट्रिंगवर व्हॅल्यूएरर नावाची एरर देतं, त्यामुळे तिकडे ही फसगत होत नाही.

ती टिप कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथे हा खुलासा टाका. बिलाच्या कोडमध्ये ती वापरली असेल तर आधी ते तपासा.