कूटबद्ध फायली इंटरनेटवाचूनही उघडतात

‘क्लाउडवर कूटबद्ध करून ठेवलेली कागदपत्रे इंटरनेट नसेल तर उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली सर्व्हरवर असते, आणि संगणकावर प्रत ठेवली, तर कूटबद्धतेला अर्थच उरत नाही, म्हणून पासपोर्ट, खरेदीखत असे कागद साधेच ठेवावेत,’ असा सल्ला समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जातो. क्लाउडवर ठेवायच्या फायली कूटबद्ध, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता न येणाऱ्या, करणाऱ्या क्रिप्टोमेटर या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर तो तपासून पाहिला, तर त्याचा पायाच डळमळीत असल्याचे दिसते.

पहिला मुद्दा किल्लीचा. क्रिप्टोमेटरच्या साध्या व्हॉल्टसाठी, म्हणजे कूटबद्ध फायली ठेवण्याच्या कुलूपबंद फोल्डरसाठी, खातेसुद्धा उघडावे लागत नाही. मुख्य किल्ली आपल्याच संगणकावर तयार होते, आपल्या पासवर्डापासून घडवलेल्या दुसऱ्या किल्लीने ती बंद केली जाते आणि एका छोट्या फाइलच्या रूपात व्हॉल्टच्याच फोल्डरमध्ये राहते. ती उघडण्यासाठी पासवर्ड पुरतो, सर्व्हर लागत नाही. संस्थांसाठी असलेल्या क्रिप्टोमेटर हबमध्ये मात्र किल्ली सर्व्हरमार्फत मिळते. हा अपवाद मान्य केलाच पाहिजे, पण घरगुती वापरणाऱ्याला तो लागू होत नाही.

मग नेट गेल्यावर फाइल उघडत नाही, हा अनेकांचा अनुभव खोटा म्हणायचा का? नाही, अनुभव खरा आहे. त्यामागचे कारण मात्र चुकीचे सांगितले जाते. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी संगणकावर फाइलचे केवळ नाव दाखवतात आणि आतला मजकूर मागितल्यावर उतरवून घेतात. साध्या फाइलचीही नेटविना हीच गत होते, म्हणजे दोष कूटबद्धतेचा नाही. व्हॉल्टमध्ये हा घोटाळा अधिक गोंधळात टाकतो, कारण आपल्याला दिसणाऱ्या प्रत्येक फाइलमागे अगम्य नावाची कूटबद्ध फाइल असते, आणि त्यांपैकी कोणत्या खरोखर उतरल्या आहेत हे नावावरून ओळखता येत नाही. त्यामुळे एखाददुसरी फाइल निवडून भागत नाही: वनड्राइव्हमध्ये संपूर्ण व्हॉल्टच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तो या उपकरणावर कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा, गूगल ड्राइव्हमध्ये ‘स्ट्रीम’ऐवजी ‘मिरर’ पद्धत घ्यावी, आणि सिंक, म्हणजे क्लाउड व संगणकावरच्या फायलींची जुळणी, पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नये.

आता, प्रत जवळ ठेवली की सुरक्षितता संपते, हे विधान. डिस्कवर राहणारी प्रत कूटबद्धच असते. मजकूर २५६ बिटांच्या एईएस या कूटबद्ध करण्याच्या प्रमाणित पद्धतीने आणि फाइलांची नावेही झाकलेली. व्हॉल्ट उघडल्यावर एक आभासी ड्राइव्ह दिसतो आणि कुलूप लावताच तो नाहीसा होतो. फाइल उघडणारा दुसरा प्रोग्राम स्वतःची तात्पुरती प्रत मागे ठेवू शकतो, हा धोका खरा आहे. त्यासाठी विंडोजमधील बिटलॉकर किंवा मॅकमधील फाइलव्हॉल्टने संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करावी. कागद उघडे ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही, कारण मग लॅपटॉप चोरणाऱ्याला आणि क्लाउड खात्यात शिरणाऱ्याला, दोघांनाही ते सहज वाचता येतील.

अँड्रॉइडवरील ॲप क्लाउडशी थेट बोलते, म्हणून तिथे नेटविना लागणारे कागद फोनच्या स्थानिक साठ्यातल्या वेगळ्या व्हॉल्टमध्ये ठेवावेत. दोन संगणकांवर नेटविना एकच फाइल बदलली, तर पुढे सिंक होताना परस्परविरोधी प्रती तयार होतात, तेव्हा बदल एकाच ठिकाणी करावेत. आणि प्रवासाला निघण्याआधी घरीच वायफाय बंद करून व्हॉल्टमधला प्रत्येक महत्त्वाचा कागद एकदा उघडून पाहावा.