जितके खोल, तितके रंगीत? अंदमानच्या समुद्राविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

अंदमानला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : ‘स्नॉर्कलिंगवर वेळ घालवू नका. उथळ पाण्यातले प्रवाळ सगळे मेले आहेत. खरे रंग वीस-पंचवीस मीटरच्या खाली आहेत. जितके खोल जाल तितके सुंदर दिसेल. पोहता येत नसले तरी बिघडत नाही, प्रशिक्षक धरून नेतो. समुद्र बारा महिने सारखाच असतो. परतीच्या दिवशी सकाळी डाइव्ह उरकून दुपारचे विमान सहज पकडता येते.’ (स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत खाली पाहणे; डाइव्ह, म्हणजेच स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे.) यातले एकही वाक्य जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही, आणि शेवटचे तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. तरीही हा सल्ला लोकांना पटतो, कारण त्यामागची समजूत आपल्या ओळखीची आहे : जे पाहायला कष्ट अधिक, ते पाहण्याजोगेही अधिक. गडकोटांच्या बाबतीत ती खरी असेलही; प्रवाळांच्या बाबतीत मात्र ती बहुतेक वेळा उलटी पडते.

रंगांपासून सुरुवात करू. पाणी सूर्यप्रकाशातले सगळे रंग सारख्या प्रमाणात आत जाऊ देत नाही. तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो. पाच मीटरवर तो चांगलाच मंदावलेला असतो आणि दहा मीटरच्या पुढे जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या पाठोपाठ नारिंगी आणि मग पिवळा रंग विझत जातो, आणि पंचवीस-तीस मीटरवर निळ्या-करड्या छटेचे राज्य सुरू होते. माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा, म्हणजे खोली आणि वेळ मोजणाऱ्या घड्याळासारख्या यंत्राचा, पट्टा लालभडक आहे. एकदा अठरा मीटरवर त्याच्याकडे नजर गेली तेव्हा तो जुन्या चिंचेसारखा काळपट दिसत होता. चिखल लागला असेल असे वाटून मी तो अंगठ्याने घासूनही पाहिला. सोबत्याने टॉर्चचा झोत टाकला, आणि तेवढ्या वितीभर जागेत पट्टा पुन्हा लाल झाला. शेजारच्या खडकावरचा जो डाग मी सावली समजत होतो तोही त्या उजेडात किरमिजी निघाला. म्हणजे खोल पाण्यात रंग नसतात असे नाही, पण ते पाहायचे तर उजेड आपल्याला सोबत न्यावा लागतो. समाजमाध्यमांवरची खोल पाण्यातली झगझगीत छायाचित्रे एकतर ताकदवान फ्लॅशच्या प्रकाशात काढलेली असतात किंवा त्यांत तांबडा रंग मागाहून भरलेला असतो. प्रवाळ तीन मीटरवर असेल तर हेच काम दुपारचे ऊन करून टाकते.

दुसरे कारण प्रवाळाच्या देहातच आहे. समुद्रात भिंती आणि बेटे उभारणारा टणक प्रवाळ हा प्राणी असला, तरी त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल मुक्कामाला असते आणि ते उन्हावर जे अन्न तयार करते त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. हे शैवाल उन्हावाचून जगत नाही. त्यामुळे फांद्याफांद्यांचे, शिंगांसारखे, मेजासारखे पसरट असे जे प्रवाळ पाहण्यासाठी लोक एवढा प्रवास करतात, त्यांची दाट वस्ती स्वच्छ पाण्यात पहिल्या दहा-वीस मीटरांत असते, आणि त्या वस्तीत राहणारे लहान माशांचे थवेही तेथेच असतात. हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचा, एलिफंट बीच किंवा वंडूरहून बोटीने गाठावे लागणारे जॉली बॉय बेट यांची ख्याती उथळ पाण्यामुळेच आहे.

या मुद्द्याला एक खरा अपवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मृदू प्रवाळांच्या अनेक जातींमध्ये हे शैवाल नसते. त्या पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडून जगतात. त्यांना उन्हापेक्षा प्रवाहाची गरज अधिक असते, म्हणून ते खोलीतही जोमाने वाढतात. याच अंदमान समुद्राच्या थायलंडकडील बाजूला सुरिन बेटांजवळचा रिशेल्यू रॉक हा नालाच्या आकाराचा खडक अशा जांभळ्या मृदू प्रवाळांसाठी जगभर ओळखला जातो. पण या खडकाचे वैशिष्ट्य पाहा : त्याचा माथा ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर डोकावतो आणि पायथा तीस मीटरच्याही खाली आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर वेगळी वस्ती आहे, आणि कोणती वस्ती कोठे असेल हे प्रवाह कोणत्या अंगाने येतो यावरही तितकेच ठरते. हॅवलॉकजवळच्या डिक्सन्स पिनॅकलसारख्या जागी तर खडकांचे माथेच इतके खाली आहेत की पृष्ठभागावरून काही दिसण्याची सोय नाही. तेथे स्कूबाला पर्याय नाही हे मान्यच आहे. परंतु ‘काही जागा खोल आहेत’ आणि ‘खोल असेल तेच सुंदर’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

आता वीस-पंचवीस मीटरच्या हिशोबाकडे वळू, कारण संदेश लिहिणाऱ्याने तो केलेला दिसत नाही. आधी एक किरकोळ दुरुस्ती : पाठीवरच्या सिलिंडरला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते, पण त्यात असते ती दाबून भरलेली साधी हवा. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा) सुमारे २,४०० लिटर हवा मावते. त्यातली ५० बार राखीव ठेवून वर यायचे, म्हणजे वापरायला उरली १,८०० लिटर. मनुष्य शांतपणे दर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले तर पृष्ठभागावर ती दीड तास पुरेल. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून तीच हवा ४५ मिनिटे पुरते. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून जेमतेम साडेबावीस मिनिटे, आणि त्यातच उतरण्या-चढण्याचा वेळही बसवायचा. नवखा माणूस वीस लिटरांवर सहसा भागवत नाही. शिवाय रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हिशोब वेगळाच. मनोरंजनासाठीच्या डाइव्हिंगमध्ये दीर्घकाळ वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित तक्त्यानुसार, वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्याची सक्ती न होता १८ मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, तर ३० मीटरवर केवळ २० मिनिटे. याच खोलीच्या आसपास नायट्रोजनची गुंगीही जाणवू लागते; माणूस विनाकारण खूश होतो आणि दाबमापकावरचा आकडा वाचूनही त्याचा अर्थ लावायला त्याला वेळ लागतो. एवढे सोसून मिळते काय, तर ज्या थरात प्रकाश सर्वांत कमी आहे तेथे सर्वांत थोडा वेळ.

आणि हे सगळे ज्याला उद्देशून लिहिले आहे तो पर्यटक तेथे पोहोचणारच नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही आणि जो प्रशिक्षकाचा हात धरून पहिल्यांदा पाण्याखाली जातो, त्याच्यासाठी मोठ्या प्रशिक्षण संस्थांनी घातलेली मर्यादा १२ मीटरची आहे. ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र मिळाल्यावर १८ मीटर, त्यापुढच्या पायरीनंतर ३० मीटर, आणि मनोरंजनाच्या डाइव्हिंगची एकंदर सीमा ४० मीटर. म्हणजे हा संदेश एकाच दमात सांगतो की पंचवीस मीटरच्या वर काही नाही आणि काही न शिकता जा. यातले दुसरे ऐकणाऱ्याला पहिले कायद्याने नव्हे, पण शिस्तीने बंद आहे. एखादा प्रशिक्षक अशा पाहुण्याला पंचवीस मीटरवर न्यायला तयार झालाच, तर ती त्याच्यापासून दूर राहण्याची खूण समजावी.

‘पोहता येत नसले तरी बिघडत नाही’ हे अर्धसत्य आहे. पहिल्या सफरीपुरते ते चालून जाते. ओपन वॉटरच्या अभ्यासक्रमात मात्र साधारणपणे २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे करून दाखवावे लागते, आणि त्यात सूट नसते. या वाक्याची उलटी बाजूही तितकीच चुकीची आहे : स्कूबा धोक्याची आणि स्नॉर्कलिंग म्हणजे पोरखेळ असे समजून पोहता न येणारे लोक लाइफ जॅकेट घालून खुशाल पाण्यात उतरतात. जॅकेट बुडू देत नाही, पण प्रवाहाबरोबर वाहून जाण्यापासून ते वाचवत नाही. नळीत पाणी शिरले, मास्क धुकटला, की घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पाय टेकायला जागा शोधणे, आणि त्या जागी प्रवाळ असतो. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला दहा-वीस सेंटिमीटर वाढू शकतो, पण मोठ्या गोट्यासारखा दिसणारा घनदाट प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. पायाखाली मोडलेला तुकडा किती वर्षांचा होता हे त्यावरून समजावे. खाडीच्या मुखांजवळ आणि खारफुटीच्या कडेने तर स्नॉर्कलिंग करूच नये, कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. किनाऱ्यावरचे इशाऱ्याचे फलक शोभेसाठी नसतात.

राहिला ‘उथळ प्रवाळ सगळे मेले’ हा दावा. त्यात दुःख करण्याजोगे तथ्य आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये या भागातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०१० च्या फटक्यानंतर थायलंडने २०११ च्या जानेवारीत आपल्या सागरी उद्यानांतल्या १८ डाइव्हिंगच्या जागा बंद केल्या होत्या. २००४ च्या २६ डिसेंबरच्या भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिमेकडची जमीन वर उचलली गेली आणि तेथले उथळ प्रवाळ कायमचे उघडे पडून मेले. ही हानी खोटी नाही. पण पांढरे पडणे म्हणजे मरणे नव्हे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने अधिक आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो आणि त्याचा पांढरा सांगाडा पारदर्शक त्वचेतून दिसू लागतो. या अवस्थेत तो उपाशी असतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परतते. नाही निवले तर तो मरतो आणि सांगाड्यावर हिरवट-तपकिरी लव चढते. पाण्यात तोंड घालून पाहणाऱ्याला हा फरक सहज कळतो : पांढराशुभ्र असेल तर झुंज चालू आहे, मळकट आणि केसाळ असेल तर ती संपली आहे.

कोणता प्रवाळ तगतो हेही केवळ खोलीवर ठरत नाही. अंदमान समुद्राच्या पोटात, पृष्ठभागाखाली, प्रचंड लाटा चालतात. त्या वरून फारशा जाणवत नाहीत, पण खालचे गार पाणी वर ढकलतात. थायलंडच्या सिमिलान बेटांच्या पश्चिमेकडच्या अंगावर हे गार पाणी आदळते, आणि २०१० मध्ये त्या अंगाचे प्रवाळ आडोशाच्या पूर्वेकडच्या प्रवाळांपेक्षा कमी पांढरे पडल्याचे संशोधकांना आढळले. एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगळी नशिबे असू शकतात. तेव्हा ‘उथळ ते सगळे मेले’ असे सरसकट म्हणण्याऐवजी कोणत्या बेटाची कोणती बाजू सध्या बरी आहे हे बोटवाल्याला विचारावे. तो रोज पाण्यात जातो आणि त्याला ते ठाऊक असते.

बारा महिने सारख्या समुद्राविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्र ढवळून काढतात आणि पाणी गढूळ होते. सिमिलान आणि सुरिन ही उद्याने साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आळीपाळीने उघडतात, त्यामुळे एकाचा बेत करून गेलेल्याला दुसऱ्यावर उतरावे लागू शकते. डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा.

शेवटी परतीच्या विमानाची गोष्ट. विमानाच्या केबिनमधली हवा जमिनीवरच्या हवेइतकी दाट नसते. तिचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. डाइव्हमध्ये रक्तात आणि ऊतींमध्ये मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तो पुरता बाहेर पडण्याआधीच दाब उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. म्हणून थांब्यांची गरज न पडलेल्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्हिंग झाले असेल तर किमान १८ तास विमानात बसू नये असा मान्य दंडक आहे. सकाळी नऊला पाण्याबाहेर आलेल्या माणसाला रात्री नऊच्या आतले कोणतेही उड्डाण चालणार नाही. पृष्ठभागावर तरंगत श्वास घेणाऱ्याला मात्र हा हिशोब लागू नाही. तेव्हा स्कूबा आदल्या दिवशी सकाळी उरकावी, आणि परतीच्या सकाळी ऊन थोडे वर आले की मास्क लावून तीन मीटर पाण्यावर तासभर पालथे पडून राहावे. तांबडा रंग तेथे अजून शाबूत असतो.