बोलतोय म्हणून जखमीला घरी झोपवू नका

‘रात्री अपघात झाला तर 24 तास इमर्जन्सीच्या बोर्डाला भुलू नका’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात लिहिलंय, पोलीस आल्याशिवाय जखमीला हलवू नका, पंचनाम्याशिवाय कुठलंच हॉस्पिटल हात लावत नाही. नेणारा माणूस केसमध्ये अडकतो. रात्री फक्त शिकाऊ डॉक्टर असतात, म्हणून जखमी बोलत असेल तर घरी आणून झोपवा आणि सकाळी ओपीडीत मोठ्या डॉक्टरांना दाखवा. सीटी स्कॅन हा पैसे काढायचा धंदा आहे. आणि जखमीला आधी पाणी पाजा. एवढं सगळं त्यात आहे.

मला तो माझ्या आत्याने पाठवला. तिचा मुलगा अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री गाडीवर घरी येतो. काही झालं तर हेच करायचं, असं तिने घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. मी कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या अपघात विभागात, नर्स आहे, रात्रपाळ्या करते. हे वाचून माझा संताप झालाय.

आधी पोलिसांचं. हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच निकालात काढलाय. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार असा तो खटला. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. लोकांनी त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तर डॉक्टरांनी ‘पोलीस केस आमच्याकडे घेत नाही’ म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं. तो वाटेतच गेला. त्यावर कोर्टाने स्पष्ट सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 तेच सांगतं. प्रत्यक्षात आम्ही काय करतो? पेशंट ट्रॉलीवर घेतो, कात्रीने कपडे कापतो, श्वास, नाडी, रक्तस्राव बघतो, सलाईन लावतो. एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची, नोंद हॉस्पिटल करतं आणि पोलिसांना हॉस्पिटलच कळवतं. तुम्ही एफआयआरची प्रत घेऊन यायची नसते. पोलिसांची वाट बघत रस्त्यावर जी वीस मिनिटं जातात, त्यात रक्त वाहून जातं. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रानेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडतं, पहिल्या तासात सगळ्यात जास्त. वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या अभ्यासातून हे 2011 मध्येच समोर आलंय.

हलवण्याबद्दल एक गोष्ट मात्र खरी आहे. मानेला किंवा पाठीला मार असेल तर हातपाय धरून ओढायचं नाही, रिक्षात कोंबायचं नाही. पण त्यासाठी 108 लावायचा, मान सरळ धरायची, आणि वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. ‘काहीच करू नका’ असा त्याचा अर्थ होत नाही.

नेणारा अडकतो, हेही आता राहिलेलं नाही. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 134अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

आता त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. ‘बोलत असेल तर घरी झोपवा.’ हे ज्याने लिहिलं त्याने डोक्याचा मार कधी जवळून पाहिलेला नाही. कानाच्या वर, कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. तिथे फटका बसला, हाड तडकलं, धमनी फाटली, की हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यात रक्त साचायला लागतं. सुरुवातीला माणूस बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, व्यवस्थित बोलतो. माझ्यासमोर एक तरुण मुलगा ट्रॉलीवर उठून बसला होता, बूट मागत होता, ‘मला सकाळी ड्यूटी आहे’ म्हणत होता. भावाला फोन करून स्वतः पत्ता सांगितला. थोड्या वेळाने उलटी झाली, मग दुसरी. मग तो चिडचिड करायला लागला, मग झोप आली म्हणाला. टॉर्च मारली तर एक बाहुली आकसली, दुसरी मोठीच राहिली. तो ऑपरेशनला वेळेवर गेला, कारण तो आमच्यासमोर होता. घरी असता तर आईने अंगावर पांघरूण घातलं असतं आणि ‘बरं झालं, झोप लागली’ म्हणाली असती.

म्हणूनच सीटी करतात. पुन्हा पुन्हा उलट्या, थोडा वेळ का होईना शुद्ध हरपलेली, अपघात आठवत नाही, गुंगी, आकडी, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू, यातलं काही असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. साधं खरचटलेलं असताना कुणी सीटी सांगितला तर ‘कशासाठी?’ हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

रात्रीच्या डॉक्टरांबद्दल अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. रात्री पहिल्यांदा बघतो तो बहुतेक ठिकाणी तरुण आरएमओच, म्हणजे निवासी डॉक्टर. सर्जन ऑन-कॉल असतो, घरून येतो. आणि ‘24 तास’ बोर्ड लावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी रात्री सीटी मशीन चालू असतंच असं नाही, न्यूरोसर्जन असतोच असंही नाही. पण यावर उपाय सकाळची वाट बघणं हा नव्हे. घर आणि कामाच्या वाटेवरच्या दोन-तीन ठिकाणी आजच फोन करून ठेवा. रात्री सीटी होतो का, न्यूरोसर्जन येतो का, रक्त मिळतं का, व्हेंटिलेटर आहे का, एवढं विचारा. सातपूर-अंबडकडे राहणाऱ्याने त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि जवळचं एक मोठं खाजगी, दोन्ही लक्षात ठेवावीत.

पाणी पाजू नका. गुंगीतल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं, आणि ऑपरेशन लागलं तर भूल देताना भरलेलं पोट धोक्याचं ठरतं. ओठ ओले करा, बस.

राहिलं बिलाचं. डिपॉझिटसाठी अडवणूक होते, मी पाहिलीय, आणि ती चूकच आहे. पण मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीसाठी केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. नेमलेल्या हॉस्पिटलांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. आत्याला मी हे लिहून दिलंय: काउंटरवर पहिल्यांदा याच योजनेबद्दल विचार, आणि क्लार्कला ठाऊक नसेल तर ड्यूटीवरच्या सीएमओला, म्हणजे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना, बोलवायला सांग.