चपला खाली ठेवा

रोलर कोस्टरवर जीव असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो, "भीती नाही वाटत?" वाटते की. पण ती वर, चाळीस मीटरवर नाही वाटत. ती वाटते खाली, तिकीट खिडकीपासून गाडीत बूड टेकेपर्यंत. गाडी एकदा वरून सुटली की पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण बघतं, आणि ते आजवर कधी रजेवर गेल्याचं ऐकिवात नाही. खाली मात्र माणसं असतात. त्यातली निम्मी आपल्याच घरची.

घरच्यांचा हिशेब असा, की इतके पैसे भरलेत तर सगळं बघायचं आणि क्रमाने बघायचं. म्हणून दार उघडल्याबरोबर मंडळी कारंज्यापाशी फोटोला उभी राहतात. मग चहा. मग कुणाला तरी "जाऊन यायचं" असतं. हा सकाळचा पहिला अर्धा तास दिवसभरातला सगळ्यात मोलाचा, कारण बाकीची गर्दीही दाराजवळच्या पहिल्याच राइडला चिकटलेली असते आणि मोठा कोस्टर बहुधा पार आत, टोकाला असतो. जाणत्याने तेवढ्या वेळात सरळ टोक गाठावं आणि तिथून उलट्या दिशेने दाराकडे यावं. हे घरच्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडू नये. "मी जरा पुढे बघून येतो" एवढं पुरे.

रांगेत शिरण्याआधी पाच मिनिटं कठड्याला टेकून गाड्या मोजाव्यात. समजा गाडीत 20 जागा आहेत आणि दर अडीच मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला 24 गाड्या, म्हणजे 480 माणसं. पुढे 200 डोकी असतील तर 25 मिनिटं लागणार. बाहेरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, हा हिशेब जास्त खरा निघतो. त्यात "आमचा एक जण पुढे उभा आहे" असं म्हणत घुसणारं अख्खं कुटुंब तेवढं मिळवावं.

ही अडीच मिनिटं जातात कुठे? फिरण्यात नाही. रुळावर दोन गाड्या असल्या तर एक फिरत असताना दुसरी भरता येते. वेळ खातो तो फलाट. फाटक उघडतं आणि तोवर तासभर शांत उभ्या असलेल्या काकांना आठवतं की आपल्याला पुतण्याशेजारी बसायचंय. पुतण्या तिसऱ्या ओळीत. काका पाचव्या. मग अदलाबदल. मग सॅक कुठे ठेवायची. मग ओढणी. ओढणी कमरेला आवळून गाठ मारायची असते, ती गाडीत बसल्यावर लक्षात येते, आणि तोवर खांद्यावरचा बार खाली आलेला असतो. बार उघडायचा तर तो एकाच सीटचा उघडेल असं नाही. पुष्कळ गाड्यांवर अख्ख्या ओळीचं किंवा अख्ख्या गाडीचं कुलूप सुटतं आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. दर गाडीमागे अर्धा मिनिट जास्त गेलं की 24 च्या 20 गाड्या होतात. तासाला 80 माणसं एका ओढणीपायी उन्हात. मी कुणाच्या पोशाखावर बोलत नाही, पण गाठ रांगेत मारावी.

आणि चपला. खोपोलीच्या इमॅजिका पार्कात 2013 पासून 'नायट्रो' हा कोस्टर आहे. बोलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने बनवलेला, पाच वेळा डोकं खाली पाय वर करणारा, आणि तळ नसलेला. गाडीला पायाखाली फळीच नाही. आपण बसेपर्यंत फलाटाची जमीन पायाखाली असते, सुटायच्या आधी ती खाली सरकते आणि पाय हवेत. अशा गाडीत सैल चप्पल म्हणजे खालच्यासाठी दगडच. म्हणून चपला काढून ठेवायच्या. परिणामी अशा फलाटांच्या कडेला संकष्टीच्या दिवशी गणपतीच्या देवळाबाहेर लागतो तसा ढीग लागतो, आणि परतलेला माणूस मेंदू अजून उलटा असताना त्यात आपली जोडी शोधतो. शहाण्याने लेसचे बूट घालावेत आणि गाठ दुहेरी मारावी. चष्म्याला मागून इलॅस्टिकचा पट्टा लावावा. पट्टा चालत नसेल तर चष्मा चेनच्या खिशात जातो, आणि मग पहिला उतार अंधुक दिसतो, जे काहींच्या बाबतीत बरंच. मोबाइलही चेनच्या खिशातच. "मी हाताने दाबून धरीन" म्हणणाऱ्याचा हात पहिल्या उताराला आपणहून बारकडे जातो. आणि ज्या क्षणी आपण सीटवरून उचलले जातो त्याच क्षणी खिशातली चिल्लरही उचलली जाते. ती आपल्याबरोबर परत खाली येईल याची खात्री नाही.

बसायचं कुठे, हा आमच्यातला खरा वाद. पुढची ओळ माथ्यावरून हळू जाते, कारण मागची अर्धी गाडी अजून वर चढत असते. म्हणजे पुढचे उताराच्या तोंडाशी लटकून राहतात, समोर काहीच नाही, नजारा उत्तम. मागची ओळ माथ्याशी येते तेव्हा पुढची गाडी आधीच खाली धावत असते, त्यामुळे मागच्यांना माथ्यावरून अक्षरशः ओढून नेलं जातं आणि बूड सीटवरून सुटतं. मला विचाराल तर शेवटची ओळ. मधली ओळ सगळ्यात सौम्य, आणि पहिल्यांदा बसणारा भीतीने शेवटची मागून घेतो ती नेमकी उलटी चाल. पोटात ढवळणाऱ्याने मात्र पुढे बसावं आणि डोळे उघडे ठेवावेत. डोळे मिटले की कान सांगतो आपण वळतोय, डोळा सांगतो काहीच होत नाही, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. पोटात एक्स्प्रेस-वेवरची मिसळ असेल तर निकाल जाहीर होतो. दोन तास आधी इडलीसारखं हलकं खावं. उपाशीही जाऊ नये, त्यानेही मळमळतं.

खांद्यावरचा बार असेल तर डोकं मागे टेकवून ठेवायचं, नाहीतर दर वळणाला कान बारवर आपटतात आणि लोक राइडला शिव्या देतात. लूपच्या, म्हणजे गाडीला उलटी करून आणणाऱ्या उभ्या वळशाच्या, तळाशी चारपट वजन वाटू शकतं, साठ किलोचा माणूस दोनशे चाळीसचा. तेव्हा डोळ्यांपुढे करडं झालं तर मांड्या आणि पोट आवळायचं, रक्त डोक्यात टिकतं. ही युक्ती लढाऊ विमानांच्या वैमानिकांची, खोपोलीत फुकट चालते.

चढणीवर जो कट-कट-कट आवाज येतो त्याने नवख्याचा जीव जातो. वास्तविक तोच आवाज ऐकून निर्धास्त व्हावं. गाडीखालची लोखंडी जीभ रुळामधल्या दात्यांवरून घसरत जाते, साखळी तुटली तर तीच अडकून गाडी मागे येऊ देत नाही. गाडी मध्येच थांबली की मागून "बिघडली, बिघडली" सुरू होतं. बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. रूळ भागांत वाटलेला असतो आणि एका भागात एकच गाडी. पुढची गाडी फलाटावरून हलली नाही, म्हणजे कुणाची तरी ओढणी अजून सुटलेली नाही, की मागची आपोआप थांबवली जाते. बरेचसे ब्रेकही असे, की हवेचा दाब त्यांना उघडं धरतो आणि दाब गेला की स्प्रिंगने ते आवळतात. वीज गेली तर गाडी सुटत नाही, अडकते. आपल्याकडे वीज गेल्यावर नीट चालणारी अशी दुसरी वस्तू दाखवा. चाकंही तीन तऱ्हेची. वजन पेलणारी वर, बाजूने धरणारी आडवी, आणि रुळाच्या खालून पकडणारी तिसरी. या तिसऱ्यांमुळे गाडी रुळावरून उचलली जात नाही. जॉन मिलर या अमेरिकन माणसाने 1910 च्या दशकात ही खालची चाकं आणली, तेव्हापासून उतार खरे उतार झाले.

त्याआधीचे दिवस बघितले की आजच्या रांगेचं दुःख कमी होतं. 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्प्सनने पाच सेंटात गाडी सुरू केली. आधी मनोरा चढायचा. मग बाकावर बाजूला तोंड करून बसायचं, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास घरंगळत दुसऱ्या टोकाला जायचं, उतरायचं, तिथला मनोरा चढायचा, नोकर गाडी ढकलून वर आणणार, मग परत. लोकांनी यासाठी रांगा लावल्या. आज आमच्या घरी इतका वेग ओट्यापासून टीव्हीपर्यंत असतो.

1895 साली तिथेच 'फ्लिप फ्लॅप' आली. लूप, आणि तोही अचूक गोल. गोल हेच चुकलं. घर्षण सोडून गणित मांडा. गोल लूपच्या माथ्यावरून गाडी जेमतेम न पडता जायची असेल तर तळाशी बसणाऱ्याला निदान सहापट वजन वाटणारच, लूप लहान करा की मोठा. वर सुरक्षेसाठी थोडा जास्त वेग ठेवला तर आणखी. लोकांच्या माना दुखावल्या आणि प्रकरण काही वर्षांत आटोपलं. त्यावरचा तोडगा नीट रुळला तो 1976 साली, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या 'रेव्होल्यूशन'मध्ये. जर्मन बनवणारा अँटोन श्वार्ट्झकॉफ, गणित वेर्नर श्टेंगेलचं. लूप थेंबाच्या आकाराचा, तळाशी पसरट, माथ्याशी आवळलेला. आज कुठल्याही पार्कात लूपकडे बाजूने बघा, तो गोल नसतो. बरोबरच्यांना हे दाखवावं. ते बघत नाहीत.

विसरल्या गेलेल्यांपैकी माझा सगळ्यात लाडका, कॅनडातल्या क्रिस्टल बीचचा 'सायक्लोन', 1927. हॅरी ट्रॅव्हरने तो असा रचला की सरळ रूळ जवळपास नव्हताच. उतरायच्या फलाटावर पांढऱ्या कपड्यातली नर्स नेमलेली असे. ती औषधाला किती आणि जाहिरातीला किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. देखभाल इतकी, की 1946 मध्ये तो पाडला. पण त्याचं पोलाद वापरून 1948 साली त्याच पार्कात 'कॉमेट' उभा राहिला. 1989 मध्ये ते पार्कच बंद पडलं, तेव्हा कॉमेट सुटा करून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला नेला आणि 1994 साली तो तिथे पुन्हा धावू लागला. माणसांत अवयवदान करतात, इथे ते नटबोल्टसकट केलेलं आहे.

1989 हेच आपल्या एस्सेल वर्ल्डचं जन्मवर्ष. गोराईच्या खाडीतून बोटीने जायचं, बोटीत अर्ध्यांना आधीच मळमळ, मग झिपर डिपर आणि हूला लूप. आज आकडे बघितले तर ते कोस्टर छोटेच होते, पण ज्या पिढीने लूप पहिल्यांदा तिथे बघितला तिला आकडे सांगून उपयोग नाही. ते पार्क आता बंद आहे. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचं नुकसान त्याहून उंच. एडिसनपासून गाडीने तासाभराच्या आत 139 मीटरचा 'किंगडा का' होता. 2005 सालचा, साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर. वारा उलटा असला, चाकं गार असली की कधीकधी गाडी माथ्यापर्यंत पोचून न ओलांडता मागे घसरायची, आणि रुळातून वर आलेले चुंबकीय ब्रेक तिला झेलायचे. बाकीचे किंचाळायचे, आमच्या जातीची माणसं त्यासाठी नवस करायची, एका तिकिटात दोनदा. फेब्रुवारी 2025 मध्ये सुरुंग लावून तो पाडला.

पाडलेल्यांच्या शोकात जत्रेला विसरू नये. टोराटोरा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन यांचा कुठल्या पुस्तकात उल्लेख नसेल, पण रहाटपाळणा भरणाऱ्या पोऱ्याकडे नीट बघा. तो पाळणे ओळीने कधीच भरत नाही. एक भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो, जाड माणसासमोर जाड माणूस, नाहीतर एक बाजू जड होऊन मोटर धापा टाकते. वजनकाटा नाही, नजर आहे. मावशींना "तुम्ही या पाळण्यात" असं तो आदराने म्हणतो ते का, हे मावशींना सांगू नये.

आता शेवटचा सल्ला, आणि घरी सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. राइड बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी रांगेत शिरायचं. शेवटच्या वेळेआधी रांगेत असलेल्यांना बहुतेक ठिकाणी बसू देतात, फक्त दाराशी ती वेळ सकाळीच विचारून ठेवायची. दिवसभर धावून चाकं आणि ग्रीस तापलेलं असतं, गाडी सकाळपेक्षा स्पष्ट वेगात येते, मुलं पेंगलेली असल्याने रांग संपलेली असते आणि शेवटची ओळ मागितली तर मिळते. अडचण एकच. त्याच वेळी बाहेर पार्किंगमध्ये बस चालू होऊन उभी असते, ड्रायव्हर हॉर्न देत असतो, सगळे मोजून झालेले असतात आणि एक कमी भरत असतो. फोन लावून उपयोग नसतो, तो चेनच्या खिशात असतो.