पुणं बदलायचंय? आधी दार लावून घ्या

पुणं शाश्वत करायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर पहिलं पथ्य असं की सकाळी आठ ते दहा घराचं दार उघडायचं नाही. त्या वेळात कचरा न्यायला मावशी येतात. चुकून त्यांच्याशी दोन मिनिटं बोलणं झालं, तर कचऱ्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर उंबऱ्यातच मिळेल. आणि उत्तर आधीच मिळालं, तर हॅकेथॉनला, म्हणजे झटपट ॲप बनवायच्या स्पर्धेला, जाऊन तुम्ही करणार काय?

दार लावलंत? आता ॲप काढा. नाव संस्कृत किंवा इंग्रजी असू द्या. मराठी ठेवलं की लोकांना तो बचत गट वाटतो. ॲपने करायचं काय, हे मागाहून ठरतं. साधारणपणे कचऱ्याचा फोटो काढला की तो ओला की सुका हे ते सांगतं. केळ्याचं साल ओल्यात जातं हे आजीने सांगून पटत नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेने सांगितलं की पटतं. फोटो काढून झाला की साल, दुधाची पिशवी आणि रात्रीचं डायपर खुशाल एकाच बादलीत टाका. पुढचं बघायला ‘सिस्टिम’ आहे.

ती सिस्टिम बघायचीच असेल, तर पार्किंगच्या कोपऱ्यात लांबून बघा. मावशी पोतं अंथरतात, त्यावर बादली उलटी करतात. पुठ्ठा इकडे, पाण्याच्या बाटल्या तिकडे, झाकणं वेगळी, दुधाच्या पिशव्या झटकून वेगळ्या. एखादी पिशवी कानाजवळ चुरगाळून बघतात. कोणतं प्लास्टिक आणि भंगारवाला काय भाव देईल, हे त्या आवाजावरून ठरतं. मध्येच तुमचं डायपर हाताला लागतं. त्या काही बोलत नाहीत. बाजूला ठेवतात, हात पोत्याला पुसतात आणि पुढचं उचलतात. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम याच बायकांच्या संस्थेने चालवली होती. भांडवल काय, तर रद्दीचा एक कागद आणि एक स्केचपेन. गुंतवणूकदाराला यात दाखवणार काय? म्हणून ती कल्पना सोडून द्या.

इतिहास तर मुळीच वाचू नका. वाचलात तर कळेल, की कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून पुण्यात आहे, तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला आणि आज तिचे तीन हजारांहून अधिक सभासद घरोघर फिरतात. घरटी महिन्याचं शुल्क, विकण्याजोगं भंगार त्यांचं, उरलेलं पालिकेच्या गाडीत. हेच जर एखाद्या टाय लावलेल्या मुलाने स्लाइडवर बाण काढून मांडलं असतं, तर ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणून टाळ्या पडल्या असत्या. मावशींच्या वाट्याला कराराची मुदतवाढ येते. आणि महिनाअखेरीला त्या शुल्क मागायला आल्या की आपण विचारतो, “पैसे कसले? कचरा तर आमचाच नेता!”

सोसायटीत काही करायची हौस असेल तर गांडूळखताचा खड्डा उत्तम. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याचा साठा यांपैकी एक सोय केली तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन केल्या तर १०. खड्डा बांधा, फोटो काढा, अर्ज करा. मग त्यात मोडक्या खुर्च्या आणि गेल्या गणपतीची आरास ठेवायला हरकत नाही. सवलत सोसायटीला असते, गांडुळांना नसते. त्यामुळे त्यांची उपस्थिती सक्तीची नाही. तपासणीला कोणी येणार असं कळलं, तर आदल्या दिवशी नर्सरीतून खताची दोन पोती आणून वर पसरा. (कोणत्या सोसायटीत असं होतं ते विचारू नका. आमच्याकडे पाणी भरायची वेळ झाली आहे.)

ओल्या कचऱ्यापासून घरच्या घरी गॅस करायचं तुम्हाला सुचलं, तर ते जगात प्रथम तुम्हालाच सुचलं असं धरून चाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने तो इथेच, पुण्यात करून दाखवला आणि २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा आंतरराष्ट्रीय ॲशडेन पुरस्कार मिळाला, हे परीक्षकांनाही ठाऊक नसतं. तुम्ही कशाला सांगता?

सायकलच्या बाबतीत मात्र थोडं जपून. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. आपण त्यांचं स्वागत केलं, सेल्फी काढले, मग कोणी सीट नेलं, कोणी कुलूप फोडलं, काही नदीपात्रात दिसल्या. कंपन्या गेल्या. तरी उमेद सोडू नका, कारण सायकलस्वार पुण्यात भरपूर आहेत. रात्रपाळी संपवून, हँडलला डबा अडकवून सिंहगड रस्त्याने कडेकडेने घरी जाणारा वॉचमन मोजायचा नाही, तो नुसताच सायकलवर बसलेला माणूस. सायकलस्वार म्हणजे हेल्मेट, काळा चष्मा, मोटारीच्या पाठीला सायकल बांधून चांदणी चौकापर्यंत आणि तिथून पुढे पर्यावरण.

शेवटी परिषद घ्यावीच लागते. बाणेरला, वातानुकूलित सभागृहात. चहा कागदी कपातच ठेवा. कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि म्हणून तो रद्दीवालाही घेत नाही, हे व्यासपीठावरून कोणी सांगणार नाही. ‘तळागाळातला आवाज’ म्हणून एका मावशींना बोलवा, शाल-श्रीफळ द्या आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधीची पाच मिनिटं द्या.

त्या फारसं काही मागत नाहीत. कचरा वेगळा करून द्या, हातमोजे द्या आणि पावसात वर्गीकरणाला बसायला सोसायटीत पत्र्याची एक शेड द्या, एवढंच म्हणतात. मान डोलवा, वहीत टिपून घ्या. हातमोज्यात सेन्सर बसवता येतो का, हे तुमच्या टीमला तपासायला सांगा. त्यावर निधी मिळू शकतो. शेडचा विषय मात्र सर्वसाधारण सभेत काढू नका. त्या जागेवर चेअरमन साहेबांची दुसरी गाडी लागते, आणि ती इलेक्ट्रिक आहे.